नाताळचं झाड घरात आणायचं तर

झाड २४ डिसेंबरच्या आधी दिवाणखान्यात सजवून उभं करायचं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण भारतातून इथे, जर्मनीत, नव्याने आलेल्या माणसाला नेमकं हेच कुणी सांगत नाही. दुकानांत नोव्हेंबरपासून झाडं दिसतात, ऑफिसात पहिल्या आठवड्यातच एक लागतं, घरून फोनवर "तुमचं झाड लागलं का?" अशी विचारणा सुरू होते. पण जिथून हे झाड जगभर गेलं त्या मुलखातल्या जुन्या घरांत ते अजूनही २४ तारखेच्या दुपारी बंद दाराआड सजतं आणि संध्याकाळी एकदाच सगळ्यांना दिसतं. आधीचे चार आठवडे आडव्हेंटचे, म्हणजे वाट बघण्याचे. गणपती दोन दिवस आधी घरी आणला तरी चतुर्थीपर्यंत त्याचा चेहरा आपण झाकून ठेवतो ना, तसंच हे.

मी मूळची मिरजेची. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बोडन्झे सरोवराच्या उत्तरेला ओबरश्वाबेन नावाचा भाग आहे. तिथे राव्हेन्सबुर्गजवळच्या एका खेड्यात आम्ही १४ वर्षं राहतो आहोत. पहिल्या वर्षी मी हौसेने १ डिसेंबरलाच झाड आणलं. बाजारातलं सगळ्यात स्वस्त, लाल स्प्रूस. ते हीटरला लागून ठेवलं. झाडाला पाणी लागतं हे मला माहीत नव्हतं. २० तारखेला जमिनीवर सुयांचा सडा पडला होता आणि वर नुसत्या काड्या राहिल्या होत्या. माझी लेक तेव्हा ४ वर्षांची होती, ती त्या काड्यांकडे बघून रडली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी वर आल्या. झाडाकडे बघून त्या काहीच बोलल्या नाहीत. २३ तारखेला सकाळी मात्र त्यांनी आम्हा दोघींना गाडीत बसवलं आणि आपल्याबरोबर झाड आणायला नेलं. पुढे दरवर्षी त्यांच्या हाताखाली जे शिकले, ते इथे लिहिते आहे. आजी आता नाहीत. त्यांचा मेणबत्त्यांच्या चिमट्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे.

झाड निवडणं

आमच्याकडे याला क्रिस्टबाउम म्हणतात. मराठी पुस्तकांत याचं भाषांतर पुष्कळदा 'देवदार' असं केलेलं असतं, ते बरोबर नाही. देवदार हा हिमालयातला सीडर. नाताळचं झाड म्हणजे फर किंवा स्प्रूस. दोन्हींत फरक ओळखायचा तर सुई बोटांत धरा. फरची सुई चपटी असते, स्प्रूसची चौकोनी असते आणि दोन बोटांत फिरते.

आज विकली जाणारी बहुतेक झाडं नॉर्डमान फर असतात. सुया मऊ, टोकाला बोथट, आणि पाणी मिळालं तर तीन-चार आठवडे गळत नाहीत. हे झाड मूळचं कॉकेशस पर्वतातलं. युरोपातल्या शेतकऱ्यांना लागणारं बी मोठ्या प्रमाणात जॉर्जियातल्या राचा भागातून, आंब्रोलाउरीच्या जंगलांतून येतं. फरचे शंकू शेंड्याजवळ उभे लागतात आणि पिकले की झाडावरच विस्कटून जातात. म्हणून तिथली माणसं उंचच उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून शंकू कच्चे असतानाच उतरवतात. त्या बियांची रोपं जर्मनी-डेन्मार्कच्या शेतांत लागतात आणि माणसाच्या उंचीची व्हायला साधारण १० वर्षं घेतात. आपण जे झाड दोन आठवड्यांसाठी घरात आणतो, ते कुणीतरी दहा वर्षं सांभाळलेलं असतं. एवढं लक्षात ठेवलं तर त्याला पाणी घालायला विसरायला होत नाही.

लाल स्प्रूस स्वस्त असतो, त्याला रानाचा खरा वास असतो, आणि पूर्वी घरोघरी हाच असे. पण गरम खोलीत तो आठवडाभरात झडू लागतो. २३ ला आणून नववर्षानंतर लगेच काढणार असाल तरच घ्या. निळा स्प्रूस देखणा आणि फांद्यांनी दणकट असतो, पण भयंकर टोचतो. लहान मूल असलेल्या घरात नको. आजींना हवा असायचा तो वाइसटाने, म्हणजे इथल्याच रानातला, ब्लॅक फॉरेस्टमधला पांढरा फर. तो बाजारात कमी मिळतो. वनखात्याची माणसं एखाद्या शनिवारी रानात विक्री करतात, तिथे विचारा.

आता माझं ठाम मत सांगते: दाट झाड घेऊ नका. शेतातली झाडं छाटून छाटून शंकूसारखी भरगच्च केलेली असतात आणि फोटोत तीच छान दिसतात. पण दाट झाडात काही टांगायला जागाच राहत नाही, सगळं वरवर चिकटवल्यासारखं दिसतं, आणि खऱ्या मेणबत्त्या लावायच्या असतील तर ते धोक्याचं आहे. फांद्यांचे मजले सुटे, मधून हात जाईल असे हवेत. एक बाजू जरा उणी असली तर ती भिंतीकडे करायची. शेंडा मात्र सरळ आणि शाबूत बघून घ्या.

ताजेपणा तपासायला सुई वाकवून बघा. ताजी लवचीक असते, शिळी मोडते. बुंधा जमिनीवर हलका आपटा. आतल्या तपकिरी सुया थोड्या पडणारच, पण हिरव्या पडल्या तर पुढचं झाड बघा. बुंध्याचा काप पांढुरका हवा, काळवंडलेला नको.

उंची मोजूनच निघा. आमच्या खोलीचं छत २ मीटर ४० सेंटिमीटर आहे. स्टँडचे १५, शेंड्यावरच्या ताऱ्याचे २५, आणि वर मोकळी जागा. म्हणजे १ मीटर ८० सेंटिमीटरचं झाड पुरे. मैदानात झाड नेहमी लहान वाटतं. जास्त मोठं आणायचा मोह जुनाच आहे म्हणा: १५६१ साली आल्सासमधल्या (हा भाग आज फ्रान्समध्ये आहे) आमरश्वीर गावाने नियमच केला होता की कुणाही रहिवाशाने नाताळासाठी एकाहून जास्त झाड नेऊ नये, आणि तेही आठ बुटांच्या लांबीपेक्षा मोठं नको.

पुण्या-मुंबईत राहून हे वाचत असाल तर फर शोधत बसू नका. कोकणात, गोव्यात सुरूची फांदी वाळूच्या बादलीत रोवून लावतात, ती वाऱ्याने हलते तेव्हा फार गोड दिसते. रोपवाटिकेत 'क्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत मिळतो तो अरौकॅरिया. तो मजल्यामजल्याने वाढतो, सजवायला उत्तम. घरात मात्र आठ-दहा दिवसच ठेवा, मग परत उजेडात. या दोन्हींवर खऱ्या मेणबत्त्या अजिबात लावायच्या नाहीत.

बुंधा आणि पाणी

विकणारे झाड जाळीत गुंडाळून देतात. ती जाळी लगेच कापू नका. घरी आणल्यावर बुंध्याची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चकती करवतीने कापून टाका, कारण जुना काप डिंकाने बंद झालेला असतो आणि त्यातून पाणी चढत नाही. झाड बादलीभर पाण्यात बाल्कनीत, सावलीत ठेवा. २३ च्या रात्री त्याला जिन्यात किंवा थंड खोलीत आणा. बाहेर शून्याखाली आणि आत २१ अंश, असा एकदम फरक झाला तर त्याला सोसत नाही.

दारातून आत घेताना बुंधा पुढे. असं केलं की फांद्या आपसूक वर मिटतात. शेंडा पुढे केला तर त्या उलट्या वळून मोडतात. स्टँडमध्ये बुंधा बसत नसेल तर तो चहूबाजूंनी तासू नका. झाड पाणी ओढतं ते सालीलगतच्या थरांतून, आणि तोच थर निघून गेला तर पाण्याने भरलेल्या स्टँडमध्येही झाड तहानलेलं राहतं. मोठा स्टँड घ्या. पाण्याची टाकी असलेला आणि पायाने दाबून घट्ट करायचा मिळतो, तो महाग असला तरी आयुष्यभर पुरतो. एकाने झाड धरायचं, दुसऱ्याने खोलीच्या दारातून बघून सांगायचं, "जरा डावीकडे." आमच्याकडे हे सांगण्याचं काम सुरुवातीपासून लेकीचं आहे.

मग जाळी खालून वर कापत जा आणि झाडाला रात्रभर सोडा. फांद्या हळूहळू आपल्या जागी उतरतात. हीटरपासून लांब ठेवा. पहिल्या दिवसांत झाड रोज लिटर-दीड लिटर पाणी सहज पितं. साधं नळाचं पाणी घाला. साखर, ॲस्पिरिन वगैरे काही नको.

झाडावर काय, आणि का

झाडावर काय लावायचं हे ठरवण्याआधी ते घरात कसं आलं हे माहीत हवं, कारण जुन्या प्रत्येक दागिन्याला कारण आहे.

जुन्या ख्रिस्ती दिनदर्शिकेत २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस. मध्ययुगात या दिवसांत चर्चपाशी नंदनवनाचं नाटक व्हायचं: आदाम, हव्वा, साप आणि फळ. फळासाठी झाड हवं, पण डिसेंबरात सफरचंदाच्या झाडावर पानही नसतं. मग रानातलं हिरवं झाड आणून त्यालाच लाल सफरचंदं बांधायची. पुढे त्याच झाडावर वेफर टांगले जाऊ लागले, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मिळतात तसे पातळ, पांढरे, गोल. सफरचंद पतनाचं, वेफर तारणाचा, आणि दोन्ही एकाच फांदीवर. आजींनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हातातलं प्लॅस्टिकचं चमकतं तोरण बाजूला ठेवलं, ते आजतागायत.

कागदोपत्री खूण बघायची असेल तर आल्सासमधल्या सेलेस्टा या गावी जा. आमच्यापासून गाडीने तीनेक तासांवर आहे. तिथल्या ह्युमॅनिस्ट ग्रंथालयात १५२१ सालची हिशेबाची वही आहे. २१ डिसेंबरपासून, म्हणजे संत थॉमसच्या दिवसापासून, सणाच्या झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल वनरक्षकांना ४ शिलिंग दिल्याची नोंद तीत आहे. एवढीच एक ओळ. पण तिचा अर्थ असा की लोक तेव्हाच इतकी झाडं तोडून नेत होते की राखण ठेवावी लागली. मी ती बघायला गेले होते. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये डिसेंबरात झाडं उंच कमानींतून टांगतात आणि वेगवेगळ्या काळांत ती कशी सजवत ते दाखवतात. पूर्वी आल्सासच्या घरांतही झाड छताच्या तुळईला टांगत. खोल्या लहान असत आणि जमिनीवर जागा कमी.

सजावटीचं पहिलं नीट वर्णन १६०५ चं, स्ट्रासबुर्गचं. एका प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, वेफर, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात. पहिल्या झाडासाठी मी हीच यादी देते. चारशे वर्षं जुनी आहे आणि सगळं सामान आजही वाण्याकडे मिळतं.

या यादीत मेणबत्ती नाही, हेही बघा. प्रोटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन लुथर याने रात्री रानातून जाताना फांद्यांमधून तारे पाहिले आणि घरी झाडावर मेणबत्त्या लावल्या, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. लुथर १५४६ साली वारला, आणि त्याच्या काळच्या कुठल्याही कागदात हे नाही. गोष्ट फार नंतरची आहे. मिशनरी संत बोनिफेसने ओक तोडला आणि तिथे फर उगवला, हीसुद्धा तशीच. ओक तोडल्याची हकिकत जुनी, फर मागाहून जोडलेला. मेणबत्त्यांची भरवशाची साक्ष आहे ती फ्रान्सच्या राजघराण्यात दिलेल्या जर्मन राजकन्या लीझेलोट यांची. १७०८ साली त्यांनी मुलीला पत्र लिहून आपल्या बालपणातल्या हानोव्हरची आठवण सांगितली: टेबलांवर बॉक्सवुडची छोटी झाडं आणि प्रत्येक फांदीला एक लहान मेणबत्ती. सासरी आलेली बाई, म्हातारपणी, माहेरच्या झाडाची आठवण काढते. ते पत्र मला सगळ्या दंतकथांपेक्षा जवळचं वाटतं.

सुरुवातीला हे झाड मुख्यतः प्रोटेस्टंट शहरांत होतं. आमचा भाग कॅथलिक. इथे घराचा मान गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, आणि झाड सर्रास आलं ते १९ व्या शतकात. म्हणून आमच्याकडे झाडाखाली गोठा मांडलाच पाहिजे. वसईच्या माझ्या मैत्रिणीकडेही आधी गोठा, मग बाकीचं. रोममध्ये सेंट पीटरच्या चौकात झाड उभं राहिलं ते तर १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. इंग्रजी जगात ते रुजलं १८४८ नंतर, जेव्हा राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन नवरा आल्बर्ट झाडाभोवती मुलांसह उभे असल्याचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं.

आता हाताने करायच्या गोष्टी.

सफरचंदं लहान, लाल, देठासकट घ्या. कोरड्या फडक्याने घासली की चकाकतात. देठाला लाल दोरा दुहेरी बांधा. ती जड असतात, म्हणून खोडाजवळ, फांदीच्या जाड भागावर टांगा. अक्रोडाला सोनेरी रंग द्या किंवा वर्ख लावा. दोरा अडकवायला दोन कवचांच्या फटीत वरच्या बाजूने काडेपेटीच्या काडीचा तुकडा दोऱ्यासकट खुपसायचा.

वेफरच्या जोडीला श्प्रिंगरले करा. ही श्वाबेनची बडीशेपीच्या वासाची पांढरी बिस्किटं, लाकडी साच्यात उठवलेली. २ अंडी आणि २५० ग्रॅम पिठीसाखर भरपूर फेसून घ्यायची, अगदी पांढरीशुभ्र होईपर्यंत. त्यात २५० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर बेकर्स अमोनिया (बिस्किटं फुलवायची पूड) घालून मळायचं आणि तासभर गार जागी ठेवायचं. बोटाच्या अर्ध्या जाडीचं लाटून, साच्याला मैदा भुरभुरून घट्ट दाबायचं. आपल्या पेढ्याच्या साच्याला हात सरावलेला असेल तर हे लगेच जमतं. कापून, टांगायला भोक पाडून, अनिस पसरलेल्या ताटात २४ तास उघडं वाळवायचं. वरचा भाग वाळून घट्ट होतो, त्यामुळे भट्टीत बिस्किट वर न फुगता खालून उचललं जातं आणि त्याला 'पाय' फुटतात. हे पाय फुटले म्हणजे जमलं. १५० अंशांवर भाजा आणि वरचा रंग पांढराच राहू द्या. अनिस मिळालं नाही तर आपली बारीक बडीशेप चालते. ही बिस्किटं पंधरा दिवस आधीच करून ठेवावी लागतात. ताजी दगडासारखी लागतात, मग मऊ होतात.

सगळ्यात जास्त वेळ मी देते तो गवताच्या काडीच्या ताऱ्यांना. आजींच्या लहानपणी युद्धानंतर काचेचे गोळे घेण्याची ऐपत नव्हती, पण गव्हाच्या काड्या घरच्याच होत्या. काड्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. नखं कापायच्या कात्रीने प्रत्येक काडी उभी चिरा आणि मध्यम गरम इस्त्री फिरवून पट्टी सपाट करा. इस्त्री जरा जास्त वेळ धरली तर काडी बदामी होते, आणखी धरली तर तपकिरी. एका ताऱ्यात दोन छटा फार सुंदर दिसतात. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या घ्या. दोन अधिक चिन्हासारख्या, त्यांवर दोन गुणिलेच्या चिन्हासारख्या. मध्यावर डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरा. उजव्या हाताने लाल दोरा फिरवा: वरच्या पट्टीवरून, खालच्या पट्टीखालून, परत वरच्यावरून. पूर्ण फेरा झाला की मागे गाठ. अंगठा फेरा पूर्ण होईपर्यंत उचलायचा नाही, सगळं कसब त्या अंगठ्यात आहे. शेवटी टोकं तिरकी कापा. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने दोन संध्याकाळींत चाळीस तारे केले. गजरा करणाऱ्या हाताला ती गाठ शिकवावी लागली नाही.

काचेचे गोळे थुरिंगियाच्या डोंगरातल्या लाउशा गावचे. तिथे १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघरी दिव्यावर काच फुंकून, आतून चांदीचा रंग देऊन ते करत आले आहेत. एका गरीब कारागिराला सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात म्हणून त्याने ते काचेचे फुंकले, असं तिथे सांगतात. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या वुलवर्थच्या दुकानांनी ते नेऊन विकायला सुरुवात केली आणि पुढे जगभर पोचले. म्हणजे आपण मॉलमध्ये बघतो तो लाल चकचकीत गोळा मुळात सफरचंदच आहे. डझनाचा डबा घेण्यापेक्षा दरवर्षी हाताने फुंकलेला एकच घ्या. आमच्याकडे आता १३ आहेत आणि प्रत्येकाचं वर्ष लेकीला पाठ आहे.

उजेड

बहुतेकांनी विजेच्या माळाच लावाव्यात. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली ८० लाल, पांढऱ्या आणि निळ्या दिव्यांचं झाड घरात लावलं, तेव्हापासून ही सोय आहे. ऊबदार पिवळा उजेड घ्या, लुकलुकणारा नको.

खऱ्या मेणबत्त्या लावायच्या तर वर्षातून एकदाच, २४ च्या संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटं. झाड दोन-तीन दिवसांत आणलेलं आणि पाण्यात उभं असलं तरच. सजावटीत मेणबत्त्यांचे चिमटे सगळ्यात आधी लावा, बाकी सगळं त्यांच्यानंतर, त्यांना चुकवून. चिमटा फांदीच्या टोकाकडे, मेणबत्ती अगदी सरळ, आणि तिच्या वर किमान ३० सेंटिमीटर काहीही नको: फांदी नको, काडीचा तारा तर नकोच. मधमाशीच्या मेणाच्या घ्या, त्या कमी ओघळतात. पेटवायच्या वरून खाली आणि मागून पुढे; विझवायच्या खालून वर. उलटं केलं तर बाही पेटते. पाण्याची भरलेली बादली आणि ओलं फडकं झाडाशेजारी हवंच. एका मोठ्या माणसाने तेवढा वेळ फक्त झाडाकडे बघायचं. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं. तो गाण्यांतही भाग घेत नाही. त्या संध्याकाळनंतर मेणबत्त्या पुन्हा पेटवायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. वाळलेला फर काही क्षणांत पेटतो.

त्या संध्याकाळी

२४ च्या दुपारी मुलांना खोलीबाहेर काढा. इथे चार वाजता चर्चमध्ये मुलं जन्मकथेचं नाटक करतात, त्या वेळात झाड सजवून होतं. दक्षिणेत भेटवस्तू क्रिस्टकिंड आणतं, म्हणजे बाळ येशू, आणि ते कुणाला दिसत नाही. अंधार पडला की मोठ्यांपैकी एकजण आत जाऊन मेणबत्त्या लावतो, खोलीतले बाकी दिवे घालवतो आणि लहानशी घंटा वाजवतो. मग दार उघडायचं. मी देव्हाऱ्यातली पितळी घंटा वापरते, तिचा नाद लांब टिकतो. पहिल्या वेळी आत गेल्यावर माझी लेक भेटवस्तूंपाशी गेलीच नाही; झाडासमोर खाली बसून राहिली.

जेवण साधं असतं. श्वाबेनात बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. आम्ही सॅलड आणि धिरडी करतो.

स्तुती

ही प्रथा मला सगळ्यात आवडते, आणि ओबरश्वाबेन-बव्हेरियाच्या बाहेर फारशी माहीत नाही. तिला क्रिस्टबाउमलोबन म्हणतात, झाडाची स्तुती. २६ पासून ६ जानेवारीपर्यंत शेजारीपाजारी आगाऊ न सांगता एकमेकांकडे जातात. आत आल्यावर आधी झाडासमोर उभं राहायचं, नीट बघायचं आणि म्हणायचं, "शेनर बाउम!" छान झाड आहे. मग यजमान फळांच्या दारूचा छोटा पेला देतो. स्तुती आधी, पेला नंतर. झाड वाकडं असो, विरळ असो, स्तुतीच करायची. खोट काढणं अगदी वाईट दिसतं. दारू देत नसाल तर काही बिघडत नाही. आमच्याकडे आल्याचा चहा आणि चिवडा असतो, आणि आता लोक तो मागून घेतात. गणपतीची आरास बघायला घरोघरी फिरलेल्या माणसाला यात काहीच शिकावं लागत नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला कुणी येईल असं वाटत नसेल, तर आधी तुम्ही जा. खालच्या मजल्यावरच्या दारापासून सुरुवात करा. परक्या देशात शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात शिरायचं याहून सोपं निमित्त मला तरी सापडलेलं नाही.

झाड काढणं

६ जानेवारी, तीन राजांचा दिवस. काही कॅथलिक घरांत झाड २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात, पण गरम खोलीत ते तोवर फार वाळतं. काढण्याआधी मुलांना झाड लुटू द्या. उरलेली बिस्किटं, अक्रोड, सगळं त्यांचं. सफरचंदांचा मी मुरंबा करते.

काचेचे गोळे अंड्यांच्या पुठ्ठ्यात, तारे वहीच्या पानांत दाबून ठेवा. झाडावर तार, चिमटा, चमकीचा एकही धागा ठेवू नका, नाहीतर ते गोळा करणारे घेत नाहीत. झाड जुन्या चादरीत गुंडाळून बुंधा पुढे करून बाहेर काढा म्हणजे जिनाभर सुया होत नाहीत. नंतरच्या एखाद्या शनिवारी गावातली तरुण मुलं ट्रॅक्टर घेऊन येतात आणि थोड्या देणगीवर दाराशी ठेवलेली झाडं उचलून नेतात.

ती झाडं कुठे जातात, हे बघायला नक्की जा. ॲश वेन्सडेनंतरच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा हा पहिला दिवस) पहिल्या रविवारी आमच्याकडे फुंकन पेटतो. गावाबाहेरच्या माळावर लाकडांचा आणि गोळा केलेल्या नाताळच्या झाडांचा घरापेक्षा उंच ढीग रचतात, टोकाला चिंध्यांची चेटकीण बसवतात आणि अंधार पडल्यावर पेटवतात. थंडीला घालवायचं म्हणून. आदल्या रात्री तरुण पोरं त्याच्यावर पहारा करतात, शेजारच्या गावाने आधीच पेटवून देऊ नये म्हणून. काही वर्षी आपली होळी त्याच आठवड्यात येते. मी पुरणपोळ्या करून नेते, आणि बदल्यात तळलेले गरम फुंकनक्यूखले मिळतात. जुना लोकरीचा कोट घालून जा, नायलॉनच्या जॅकेटला ठिणगीने भोकं पडतात. वारा पाठीकडून येईल असे उभे राहा आणि ढीग पेटताना जरा जवळ थांबून ऐका: वाळलेल्या फरच्या सुया फोडणीतल्या मोहरीसारख्या तडतडतात.